डावी बाजू

अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात तीळ मावेल एवढी फट ठेवायची, एक डोळा बारीक करायचा, त्या फटीतून समोरच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "एवढंसं. समजणार पण नाही तुम्हाला." आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरसाहेबांची ही अदा. तुमच्याही इमारतीत असा एखादा असेलच, ज्याला तुमच्या अंगाचं, घराचं आणि झोपेचं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आमच्याकडे हा होता.

ते भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशनच्या आधी गुंगी देणारे, कमरेत सुई देऊन अर्धं शरीर बधिर करणारे. स्वतःचा दवाखाना नव्हता. काळी बॅग घेऊन दिवसभर या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये फिरायचे. मराठीत भूल म्हणजे गुंगी आणि भूल म्हणजे चूकसुद्धा. ज्याने कोणी हा शब्द केला, त्याच्या वरच्या मजल्यावरही असेच कोणी राहत असणार.

आम्ही धरमपेठेत राहायला आलो तेव्हाची पहिली आठवण म्हणजे त्यांचं ड्रिल मशीन. मे महिन्याची दुपार, बाहेर आग ओतून राहिलेली, सगळी इमारत कूलर लावून पडलेली. आणि आमच्या डोक्यावर घर्रर्र. नवरा वर गेला. डॉक्टरसाहेबांनी दार उघडलं, बोटांची फट दाखवली आणि म्हणाले, "दोनच भोकं आहेत गा. समजणार पण नाही." आम्हाला ते चार दिवस समजत होतं. पाचव्या दिवशी आमच्या छताचा पोपडा चहाच्या कपात पडला, तेव्हाही ते म्हणाले, "पोपडा होय? तो तर पडणारच होता."

एकदा त्यांच्याकडे पुण्याचे पाहुणे आले. डॉक्टरसाहेबांनी सावजी रस्सा मागवला आणि आम्हालाही बोलावलं. पाहुण्यांनी भीत भीत विचारलं, "फार तिखट असतं म्हणे?" झालं, फट वर आली. पहिल्या घासाला त्या गृहस्थांचे कान लाल झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बिचारे टेबलावरचा दह्याचा वाडगा तोंडाला लावून बसले आणि डॉक्टरसाहेब आम्हाला सांगत होते, "बघा, आवडलं त्यांना." आम्ही हसलो. दुसऱ्याचं तोंड भाजत असलं की हसू येतंच.

मी विजेच्या ऑफिसात तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोक येतात, बिल चुकलं म्हणतात, मीटर पळतो म्हणतात. त्यातले काही थापा मारतात, हे मलाही कळतं. पण एक नियम मी स्वतःपुरता केला आहे. खिडकीसमोरचा माणूस जे सांगतोय ते आधी लिहून घ्यायचं, मग मीटर बघायला माणूस पाठवायचा. मीटर न बघता "तुमचा भ्रम आहे" म्हणणारे साहेब मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल मला जे वाटतं तेच मला डॉक्टरसाहेबांबद्दल वाटायचं, आणि अजून वाटतं.

मग मला दिवस गेले. शेवटच्या महिन्यात सोनोग्राफीत कळलं की बाळ डोकं वर आणि पाय खाली करून बसलं आहे. फिरायचं नाव घेईना. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रिस्क नको, आधीच तारीख ठरवून सिझर करू. कमरेत बारीक नळी घालून त्यातून औषध द्यायचं. तुम्ही जाग्या राहाल, बाळाचं रडणं ऐकाल, दुखणार नाही."

सासूबाई पारशिवनीहून आल्या होत्या. बाळाचे पाय खाली आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. "पायाळू हाय वं! नशीबवान हायस. पायाळू लेकरानं पाठीले पाय लावला का माणसाची चमक पळते." मी म्हटलं, आई, पायाळू म्हणजे बाळंतपणात पायाकडून जन्मलेलं. हे तर पोट कापून काढणार. त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "दरवाजातून निघो का खिडकीतून, पाय आधी निघाले म्हणजे झालं."

भूल कोण देणार विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी आमच्या वरच्या मजल्याचं नाव घेतलं. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "घरचाच माणूस आहे, आता टेन्शनच नाही." मी मात्र घाबरले. सुईची भीती मला नव्हती. ऐकून न घेणाऱ्या माणसाची होती.

लिफ्टमध्ये एकदा गाठून मी विचारलंच, "सर, असं होतं का कधी, की औषध एकाच बाजूला चढतं आणि दुसरी बाजू जागी राहते?" मी वाचलं होतं तसं. ते माझ्या पोटाकडे बघून हसले. "गूगलवर वाचून राहिल्या का? काहून डोक्याला ताप करता?" मग फट. मग तेच वाक्य. माझा मजला बोलण्यात मागेच राहिला, त्यांचा तिसरा आला आणि ते उतरून गेले.

आता सुईचं सांगते, कारण बायका मला तेच विचारतात. खोटं कशाला बोलू, सुई तेवढी वाईट नव्हती. टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवतात, पोटाशी उशी धरायला देतात आणि म्हणतात वाका. नऊ महिन्यांचं पोट घेऊन वाका! सिस्टरने माझे खांदे धरले. पाठीवर काहीतरी गार फासलं, इतकं गार की मी शहारले. पहिली बारीक सुई चरचरली, कांदा चिरताना बोट कापावं तशी. त्यानंतरची मोठी सुई दुखली नाही, पण मणक्यात कोणीतरी खुंटी दाबून बसवतंय असं वाटत राहिलं. दुखणं नाही, नुसता दाब, आणि दातांत एक घाणेरडी शिरशिरी. मध्येच डाव्या पायातून वीज गेल्यासारखी झिणझिणी निघाली आणि मी दचकले. "हलू नका," मागून आवाज आला, "काही नाही ते." मग नळी पाठीवर चिकटपट्टीने खांद्यापर्यंत चिकटवली, आणि मणक्यातून एक गार धार खाली उतरली.

मला झोपवलं. थोड्या वेळाने उजवा पाय गरम झाला, त्यात मुंग्या आल्या आणि मग तो भिजलेल्या गादीसारखा जड पडला. बोटं हलवायला गेले तर हलेनात. मजा वाटली, खरंच. आपलाच पाय, पण शेजाऱ्याचा वाटतो. डावा पाय मात्र माझाच होता. थोडा सुस्तावला होता, इतकंच.

समोर हिरवा पडदा आला. डॉक्टरसाहेब माझ्या डोक्याशी उभे होते. त्यांनी पोटाला चिमटा घेतला. "लागून राहिलं का?"

उजवीकडे काही नव्हतं. डावीकडे मी म्हटलं, "हो सर, लागून राहिलं."

"हात लागून राहिला ना? तो तर लागणारच."

आता या शब्दाचं काय करावं सांगा. आपल्याकडे हात लागतो, वाराही लागतो, ठेचही लागते आणि सुरीही लागते. सगळ्याला एकच क्रियापद. मी म्हटलं, "हात नाही सर, दुखून राहिलं. डाव्या बाजूला."

"ते ओढल्यासारखं वाटतं, त्याले दुखणं नाही म्हणत. लंबी सांस घ्या." आणि पडद्यापलीकडे बघून म्हणाले, "हो मॅडम, करा सुरू."

उजवीकडून सुरुवात झाली. तिथे नुसतं कोणी कापडावर बोट ओढावं तसं वाटलं. ते बोट मधे आलं, आणि मग डावीकडे गेलं, आणि तिथे ते बोट नव्हतं. चटका म्हणू का? चटका बरा. तापलेल्या तारेने कातडी उघडत न्यावी तसं. मी ओरडले, "थांबा! लागतंय! दुखतंय!"

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "सर, पेशंटला दुखतंय."

"घाबरल्या आहेत मॅडम. पहिलटकरीण आहेत. चालू द्या."

त्या क्षणी मला बाळ आठवलं नाही, देव आठवला नाही. एवढंच कळलं की या खोलीत माझ्या अंगाबद्दल बोलायचा हक्क दुसऱ्याला आहे आणि तो बोलून मोकळा झाला आहे. हात बांधलेले, पडद्यापलीकडच्यांना तोंड दिसत नाही. काय करणार? मग मी डावा पाय उचलला. फार नाही, पण गुडघ्यातून चांगला वर. हिरवं कापड तंबूसारखं उभं राहिलं.

"सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वेगळ्या आवाजात, "यांचा पाय हलतोय. मी थांबतेय. तुम्ही औषध द्या."

माझ्या खांद्यापाशी नळीतून औषध सोडल्याचं गार गार कळलं. नळी जराशी मागे ओढली, पुन्हा औषध सोडलं. सगळे ते चढायची वाट बघत उभे होते. मला थंडी वाजून दात वाजायला लागले, मग मळमळलं. एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी ओकले तेव्हा त्यांनी ट्रे शोधला नाही, सरळ आपला पंजा माझ्या गालाखाली धरला, आणि नंतर माझं तोंड पुसलं. हात मऊ होता. त्या माणसात एवढं होतं. कान तेवढे नव्हते.

हळूहळू डावा पायही दुसऱ्याचा झाला. मग पोटात कोणीतरी भरलेली ट्रंक उपसतंय, तळाशी काहीतरी शोधतंय असं वाटलं. छातीवर दाब आला. पण खरंच दुखलं नाही. सुरुवातीपासून असंच वाटायला पाहिजे होतं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय आले, पाय आले." आणि मग मुलगी रडली. मीही रडले, पण कशासाठी ते मला विचारू नका. दोन्ही गोष्टींसाठी.

बाहेर नवरा आणि सासूबाई उभे होते. माझ्या आधी डॉक्टरसाहेब बाहेर पोचले. मला खोलीत आणेपर्यंत निकाल लागला होता. "एकदम फर्स्ट क्लास," त्यांनी सांगितलं होतं, "जरा घाबरल्या, बाकी त्यांना समजलं पण नाही."

मी नवऱ्याला म्हटलं, मला कापताना लागलं. तो माझ्या कपाळावर हात फिरवत म्हणाला, "होतं गं असं. भीतीनं वाटते." मी म्हटलं, वाटलं नाही, लागलं. तो म्हणाला, "एवढे मोठे डॉक्टर खोटं काहून बोलतील?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्या टायमाले तर घरीच, सुई ना औषध." त्यांची तऱ्हाच ती. पण नवऱ्याचं मला लागलं. इथेही तेच क्रियापद.

घरी आल्यावर बारशापर्यंत ही गोष्ट इमारतभर झाली. जिना उतरताना कोणी ना कोणी विचारायचं, "घाबरल्या होत्या म्हणे?" मीही मग सांगणं सोडून दिलं. मला डॉक्टरसाहेबांची माफी नको होती, कोणावर केस करायची नव्हती. एकाच माणसाने, निदान माझ्या घरातल्या एका माणसाने म्हणावं, हो, तुला लागलं. एवढंच पाहिजे होतं आणि तेच मिळत नव्हतं. रात्रंदिवस बाळाला पाजताना, लंगोट बदलताना तेच डोक्यात घोळायचं. दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की मी उठून आत जायची.

मुलगी मान धरायला लागली होती त्या सुमाराला एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात डॉक्टरसाहेब. लुंगीवर, कमरेत वाकलेले, एक हात भिंतीला, एक हात पाठीला. नुसता श्वास घेतला तरी तोंड वाकडं होत होतं. "चमक भरली," ते म्हणाले. "बादली उचलायला गेलो आणि भरली."

मला वाटलं गोळी मागायला आले. हे म्हणजे हलवायाने साखर मागायला येण्यासारखं. पण ते दारातच घुटमळले आणि सासूबाईंकडे बघून हळूच म्हणाले, "तुमची नात पायाळू आहे ना? आमची आई म्हणायची... म्हणजे माझा काही विश्वास नाही... पण सिझरचं पायाळू चालते का हो?"

अरे वा! आयुष्यभर लोकांच्या मणक्यात सुया घालणारा माणूस माझ्या एवढ्याशा पोरीची लाथ मागायला आला होता. मी तोंडात पदर कोंबला नाही, कारण मी गाऊनवर होते. तशीच हसले.

सासूबाईंना तर हर्ष झाला. "चालते ना! काहून नाही चालणार?" त्यांनी डॉक्टरसाहेबांना सतरंजीवर पालथं झोपवलं, नवऱ्याने मुलीला काखेत धरून त्यांच्या पाठीवर उभं केल्यासारखं केलं. पोरगी अंग चोरणारी नव्हे. तिने दोन्ही पाय झाडले आणि नेमकी टाच चमकेवर बसली.

"आई गं! लागलं! लागलं!"

सासूबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पाय लागला ना डॉक्टरसाहेब? तो तर लागणारच."

"अहो पाय नाही, दुखलं! दुखलं म्हणून राहिलो ना मी!"

"एवढ्याशा लेकराच्या पायानं? घाबरले तुम्ही."

"घाबरलो नाही हो!" ते जवळजवळ रडकुंडीला आले होते. "माझी पाठ आहे, मले नाही समजणार का?"

नवऱ्याने मुलीला उचलून छातीशी धरलं आणि तो तसाच उभा राहिला. सासूबाईंना काही कळलं नव्हतं, त्या पुन्हा एकदा पाय लावायचा म्हणत होत्या. डॉक्टरसाहेब सतरंजीवर गाल टेकवून पडले होते. त्यांची नजर माझ्याकडे आली आणि लगेच जमिनीकडे गेली. त्यांना कळलं होतं. मी वाट पाहिली. बोला आता, म्हटलं, दोन शब्द बोला. ते रांगत भिंतीपर्यंत गेले, भिंत धरून उभे राहिले, "बरं वाटून राहिलं" म्हणाले आणि जिना चढून गेले. असा माणूस.

त्या दिवशी जेवताना नवरा भाताशी खेळत बसला. मग म्हणाला, "तुला तेव्हा खरंच लागलं होतं का गं?"

"हो."

"मग तू बोलली काहून नाही?"

त्याचं त्यालाच उमगलं. ताट उचलून तो स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सुरू ठेवून भांडी घासत राहिला.

यंदा डॉक्टरसाहेबांनी फ्लॅट विकला आणि मुलीकडे हैदराबादला जायचं ठरवलं. खाली पार्किंगमध्ये निरोप समारंभ झाला. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे, शाल, श्रीफळ. लोक एकेक करून चांगलं बोलले. तुम्ही असता तर तुम्हीही बोलला असता, समोसा हातात असला की माणूस बोलतो. शेवटी डॉक्टरसाहेब शाल सावरत उभे राहिले. आपण कुठे कुठे रात्री-अपरात्री धावलो ते सांगितलं, चार विनोद केले आणि म्हणाले, "इतकी वर्षं सुया मारल्या, पण दुखलं म्हणणारा एक पेशंट आणून दाखवा मले!"

टाळ्या पडल्या. टाळ्या संपता संपता माझ्या शेजारून आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"एक आहे, डॉक्टरसाहेब."

नवरा होता. मुलगी त्याच्या मांडीवर समोसा कुस्करत होती. तो सहसा चारचौघांत तोंड उघडत नाही, त्याचे कान लाल झाले होते. माना वळल्या. डॉक्टरसाहेबांनी डोळ्यांवर हात धरून मागच्या रांगेकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "असेल बाप्पा. असेल एखादा."

"एखादा नाही," मी म्हटलं, आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून खुर्चीवरून उठून उभी राहिले. "एखादी."